चागोसची बेटं राहण्याजोगी आहेत

हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहाची बातमी आपल्याकडे येते ती त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या ब्रिटिश-अमेरिकी लष्करी तळापुरती. बॉम्बर विमानं, पाणबुड्या, चीनचा वावर, मालदीवची भूमिका, एवढं झालं की चर्चा संपते. या बेटांवर १९७३ पर्यंत माणसं राहत होती, त्यांना तिथून हाकललं गेलं आणि त्यांची मुलं-नातवंडं आजही परतण्याचा हक्क मागताहेत, हे कुठेतरी शेवटच्या परिच्छेदात येतं किंवा येतच नाही. चागोस मॉरिशसला द्यायचं आणि दिएगो गार्सियाचा तळ भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे ठेवायचा, अशा करारावर २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने सह्या केल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने मॉरिशसला जाहीर केलेल्या मदतीत चागोसच्या सागरी संरक्षित क्षेत्राचा विकास आणि देखरेख हेही काम आहे. म्हणजे आता हा विषय आपल्या पैशाचाही झाला. अशा वेळी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. ‘ही बेटं माणसांनी राहण्याजोगी नाहीत’ हा वर्षानुवर्षं पुढे केलेला युक्तिवाद भूगोलाच्या कसोटीवर टिकत नाही. अडचणी खऱ्या आहेत. पण कोणत्या बेटावर, किती माणसांनी, कशा पद्धतीने राहायचं, एवढंच त्या ठरवू शकतात. राहायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार अडचणींना नाही.

चागोस मालदीवच्या दक्षिण टोकापासून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे, मॉरिशसपासून २,२०० किलोमीटरवर. पन्नासहून अधिक बेटं, पण सगळी जमीन मिळून ६० चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातली जवळपास निम्मी एकट्या दिएगो गार्सियाची. या बेटांचा पाया आणि सह्याद्रीचा काळा कातळ यांचं मूळ एकच आहे. पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येत राहतो अशा ज्या एका जागेने, रियुनियन हॉटस्पॉटने, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर ओतले, त्याच्यावरून भारतीय भूपट्ट उत्तरेला सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची माळ राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस त्या माळेवर उभे आहेत. तोच हॉटस्पॉट आज रियुनियन बेटावरच्या पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखीच्या रूपाने धगधगतो आहे. ज्वालामुखी थंड होऊन खचत गेले, त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिलं आणि वरती उरली ती पाण्याबाहेर जेमतेम एक-दोन मीटर डोकावणारी वाळू आणि प्रवाळाच्या चुऱ्याची कडी. या एकाच कण्यावर लक्षद्वीपमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांवर माणसं राहतात, चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त. मालदीवमध्ये तर आख्खं राष्ट्र वसलं आहे. मग दक्षिणेचा तेवढा भागच निसर्गाने माणसांना वर्ज्य केला, असं मानायला आधार काय?

माणसं तिथे उशिरा आली, हे खरं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात बेटं पाहिली तेव्हा ती रिकामी होती. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने दिएगो गार्सियावर ठाणं वसवायला मोहीम पाठवली. मुंबईच्या आरमारातल्या आर्चिबाल्ड ब्लेअरने बेटाची मोजणी केली, हाच पुढे पोर्ट ब्लेअरच्या नावात राहिला. ते ठाणं त्याच वर्षी गुंडाळलं गेलं. टिकले ते मॉरिशसचे फ्रेंच मळेवाले. त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिकमधून आणलेल्या गुलामांकडून नारळाच्या बागा उभ्या करून घेतल्या. १८१४ च्या तहाने मॉरिशससह ही बेटं ब्रिटनकडे गेली, १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पुढे भारतातून गिरमिटिया मजूरही आले. या सगळ्यांच्या मिसळणीतून स्वतःची क्रिओल बोली, स्वतःचं खाणं-गाणं असलेला समाज तयार झाला.

कामही ठरलेलं होतं. जमिनीत रोवलेल्या टोकदार पारईवर नारळ सोलायचा, फोडायचा, वाटीतून खोबरं काढायचं आणि सुकवायचं. ताज्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं. ते सहा टक्क्यांवर आणलं नाही तर जहाजाच्या पोटात मालाला बुरशी लागते. भर पावसाच्या बेटावर नुसत्या उन्हाच्या भरवशावर हे होत नाही, म्हणून खाली सोडणं जाळून वर खोबरं वाळवायची भट्टीघरं होती. तेल गाढवांच्या घाण्यावर निघे. मॉरिशसला या बेटांची ओळख तेलाची बेटं अशीच होती. दर काही महिन्यांनी जहाज यायचं, खोबरं आणि तेल घेऊन जायचं, तांदूळ-पीठ टाकून जायचं. उरलेलं पोट मासे, कोंबड्या, डुकरं आणि परसातली भाजी यांवर चाले. मजुरी तुटपुंजी होती, सत्ता मळ्याच्या व्यवस्थापकाची होती. या जगण्याला स्वर्ग म्हणणं चूक ठरेल. पण ते दीडशे-पावणेदोनशे वर्षं अखंड चाललं, आणि विमानसेवेविना, दवाखान्याच्या नावाला जुजबी सोय असताना चाललं.

८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या मॉरिशसपासून चागोस तोडलं आणि ‘ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी’ ही नवी वसाहत तयार केली. बदल्यात मॉरिशसला ३० लाख पौंड दिले. १९६६ मध्ये अमेरिकेशी तळाचा करार झाला आणि ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली. अमेरिकेला बेटं रिकामी हवी होती. तिथे कायमची वस्ती आहे असं मान्य केलं असतं तर संयुक्त राष्ट्रांपुढे त्या वस्तीच्या हक्कांबद्दल उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून तिथेच जन्मलेल्या, तिथेच पणजोबा पुरलेल्या माणसांना कागदोपत्री ‘कंत्राटी मजूर’ केलं गेलं. ब्रिटिश सरकारची त्या काळची अंतर्गत टिपणं आता उघड झाली आहेत. ही काही चुकून झालेली नोंद नव्हती, हे ती वाचल्यावर कळतं.

१९६७ मध्ये ब्रिटिश सरकारने मळे ६ लाख ६० हजार पौंडांना विकत घेतले. मग औषधपाण्यासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारायला सुरुवात झाली. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामं केलं. त्याआधी तिथली कुत्री मारायचा हुकूम सुटला. गोळ्या घालून झालं, विष घालून झालं, तरी सगळी मेली नाहीत. तेव्हा मांसाचं आमिष दाखवून त्यांना खोबरं वाळवायच्या भट्टीघरात कोंडलं आणि लष्करी गाड्यांचा धूर आत सोडला. जवळपास हजार कुत्री अशी मारली गेली आणि ती पाळणारी माणसं तेव्हा बेटावरच होती. पुढचा नंबर कुणाचा, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. १९७२ मध्ये सालोमोन आणि १९७३ मध्ये पेरोस बान्योस ही उत्तरेकडची प्रवाळबेटं ओस पडली. ती दिएगो गार्सियापासून दोनशे किलोमीटरवर आहेत आणि तिथे आजवर तळाचं काहीही बांधलेलं नाही. एकूण दीड ते दोन हजार माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवली गेली. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत नारळ सोलण्याचं कसब कुणाच्याच कामाचं नव्हतं.

लंडनच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये ही हकालपट्टी बेकायदा ठरवली. सरकारने २००४ मध्ये राणीच्या विशेषाधिकारातून नवा मनाईहुकूम काढला आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो ३ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ असं मत दिलं की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीरपणे पुरी झालेलीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ११६ देशांनी त्या मताच्या बाजूने कौल दिला, त्यात भारत होता. पण या सगळ्या प्रवासात परत जाण्याचा मुद्दा दर वेळी एकाच दगडावर आपटला: तिथे राहणं व्यवहार्य नाही. म्हणून तो दगड नीट पाहायला हवा.

सुरुवात पाण्यापासून. प्रवाळबेटावर नदी नाही, ओढा नाही. पाऊस वाळूतून झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतो. मधे जाड, किनाऱ्याकडे पातळ असा हा भिंगाच्या आकाराचा साठा असतो. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या घनतेतला फरक एवढा थोडा असतो की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी १० सेंटीमीटर असेल तर हिशोबाने खाली ते ४ मीटर असतं. उलट बाजूही तेवढीच खरी. पंप लावून पातळी १० सेंटीमीटर खाली ओढली की खालून खारं पाणी ४ मीटर वर चढू पाहतं. उभी बोअरवेल मारून जोरात उपसा केला की ती काही काळात मचूळ होते आणि मग महिनोन्‌महिने सुधारत नाही. लोक म्हणतात बेटाचं पाणी संपलं. संपलेलं नसतं, उपसायची पद्धत चुकलेली असते.

योग्य पद्धत ठाऊक असलेली आहे. पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली छिद्रांचे आडवे पाइप पुरायचे, भोवती खडी भरायची आणि मधल्या चेंबरमधून मंद गतीने, रोज थोडं थोडं पाणी घ्यायचं. ताण लांबीभर पसरतो आणि खारं पाणी एका जागी उसळत नाही. दिएगो गार्सियावरच्या अमेरिकी तळाने बेटाच्या पोटातलं हेच पाणी अभ्यास करून, आडव्या विहिरी खणून वापरलं. तिथे हजारो सैनिक आणि कंत्राटी कामगार राहत आले आहेत.

उत्तरेच्या बेटांचा हिशोब करून पाहू. पेरोस बान्योसवरचं कोइन आणि सालोमोनवरचं बोद्दाम, ही जुन्या वस्त्यांची मुख्य बेटं, प्रत्येकी एक चौरस किलोमीटरहून थोडी मोठी. पाऊस दिएगो गार्सियावर वर्षाला सुमारे २,६०० मिलिमीटर, उत्तरेकडे त्याहून जास्त. २,६०० च धरले आणि त्यातला ४० टक्के जमिनीत मुरतो असं मानलं, तर एका चौरस किलोमीटरवर वर्षाला सुमारे १०० कोटी लिटर पाणी मुरतं. बराचसा भाग आपोआप समुद्रात जातो, काही मिसळून मचूळ होतं, म्हणून फक्त दहावा हिस्सा वापरायचा. तरी दिवसाला पावणेतीन लाख लिटर मिळतात. पाचशे माणसांना माणशी १०० लिटर दिले तर लागतात ५० हजार. दोनशे मीटरहून अरुंद बेटावर मात्र हे गणित लागू होत नाही, कारण तिथे साठा टिकतच नाही. म्हणून वस्ती दोन-चार रुंद बेटांवरच करावी लागेल. पूर्वजांनीही तेच केलं होतं.

पिण्याचं पाणी तर पागोळ्यांचं घ्यावं. ८० चौरस मीटर छपरावर वर्षाला पडणाऱ्या पावसातलं ८० टक्के पाणी धरलं तरी एक लाख साठ हजार लिटरच्या पुढे जातं, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला दिवसाला चारशेहून जास्त. महिनाभर पाऊस ओढला तर माणशी ५० लिटरने निभावायला ६ हजार लिटरची टाकी पुरते. छप्पर नारळाच्या छायेत नसावं, पहिल्या सरीचं पाणी वळवून टाकायची सोय असावी, टाकीला जाळी असावी. एवढंही सांभाळलं नाही तर उंदरांची विष्ठा आणि डास दोन्ही टाकीत जातात.

खरा धोका पाण्याच्या कमतरतेपेक्षा सांडपाण्याचा आहे. प्रवाळाच्या वाळूत गाळण फार थोडी होते. लक्षद्वीपमध्ये घरोघरी शोषखड्डा आणि त्याच्या जवळच विहीर, अशी रचना झाली आणि विहिरींत जंतू आणि नायट्रेट उतरले. तिथली दाटी बघता ते टाळणं कठीणच होतं. चागोसमध्ये कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची आहे, तर कोरडे कंपोस्ट संडास आणि विहिरींचं राखीव क्षेत्र पहिल्या दिवसापासून नियमात हवं. डिझेलचंही तसंच. दिएगो गार्सियावर १९९१ मध्ये विमानाच्या इंधनाची मोठी गळती उघड झाली आणि काही विहिरी बंद कराव्या लागल्या. गोड्या पाण्याच्या भिंगावर सांडलेलं तेल काढून घेता येत नाही. वीज सौर असावी, इंधनाच्या टाक्या किनाऱ्याकडे आणि दुहेरी भिंतींच्या असाव्यात.

समुद्र चढतो आहे, हा आक्षेप सगळ्यात गंभीर. तो उडवून लावू नये. १९९८ आणि २०१५-१६ च्या उष्ण पाण्याने चागोसची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर मेली, आणि प्रवाळाची वाढ थांबली तर बेटाला वाळू पुरवणारा कारखानाच थांबतो. पण दिएगो गार्सियाच्या किनाऱ्याची १९६३ ते २०१३ अशी पन्नास वर्षांची तुलना केली गेली तेव्हा एकूण जमीन एक टक्क्याहूनही कमी घटलेली दिसली. एका जागी धूप झाली, दुसऱ्या जागी भर पडली. शिवाय हाच समुद्र दिएगो गार्सियाभोवतीही चढतो आहे आणि त्याच बेटाचा भाडेपट्टा २०२५ च्या करारात ९९ वर्षांचा केला आहे. तळासाठी जे बेट शतकभर टिकेल असं गृहीत धरलं जातं, ते घरासाठी टिकणार नाही असं म्हणता येत नाही. हलवता येतील अशी लाकडी, खांबांवरची घरं, लगूनच्या म्हणजे प्रवाळकड्याच्या आतल्या शांत पाण्याच्या बाजूला, किनाऱ्यापासून मागे हटून बांधणं हा त्यावरचा व्यवहारी मार्ग आहे. सिमेंटच्या संरक्षक भिंतीचा मोह टाळावा. भिंत बांधली की तिच्या पुढची वाळू जाते आणि शेजारचा किनारा खचतो.

मग निसर्गाचं काय? २०१० मध्ये ब्रिटनने इथे सुमारे ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटरचं सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. त्यामुळे बेटवासीयांच्या परतण्याला अडसर होईल, असं ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अमेरिकनांना सांगितल्याचं फुटलेल्या गोपनीय राजनैतिक संदेशांमधून बाहेर आलं. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने हे क्षेत्र सागरी कायद्याचा भंग करून जाहीर केल्याचं ठरवलं. तरीही निसर्गप्रेमी मंडळींचा एक मोठा गट ‘माणूस नाही म्हणून प्रवाळ वाचलं’ असं मानतो. यातला मासेमारीबंदीचा भाग मान्य करायला हवा. पण बेटं अस्पर्श नाहीत. जुन्या जहाजांतून आलेले काळे उंदीर बहुतेक मोठ्या बेटांवर माजले आहेत आणि बेवारस माडांचं रान मूळच्या झाडांना वर येऊ देत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चागोसच्या उंदीरमुक्त बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी उंदीर असलेल्या बेटांच्या ७६० पट आढळली. पक्ष्यांच्या विष्ठेतलं नायट्रोजन पावसाबरोबर प्रवाळात उतरतं, आणि तिथल्या माशांचं वजनही जवळपास निम्म्याने जास्त होतं.

म्हणजे इथल्या निसर्गाला रिकामेपण पुरत नाही, राबणारे हात लागतात. उंदीर संपवायचे तर विषारी गोळ्या बेटाच्या प्रत्येक कोपऱ्यात, दोन फेऱ्यांत, ठरावीक अंतराने टाकाव्या लागतात. खेकड्यांना त्या विषाची बाधा होत नाही आणि ते गोळ्या फस्त करतात, म्हणून थंड प्रदेशातल्या बेटांपेक्षा प्रमाण बरंच वाढवावं लागतं. उष्ण हवेत उंदरांची वीण बाराही महिने चालू असते, एक गाभण मादी उरली तरी सगळी मेहनत वाया जाते. त्यानंतर वर्षानुवर्षं पाळत ठेवावी लागते, उतरणारी प्रत्येक होडी तपासावी लागते. हे काम दोन आठवड्यांसाठी येणाऱ्या पथकापेक्षा तिथे घर असलेला माणूस जास्त चांगलं करील. बेकायदा मासेमारीचंही तेच. इतक्या मोठ्या समुद्रावर वर्षानुवर्षं एकच गस्ती जहाज होतं, आणि त्यात शार्कसाठी घुसणाऱ्या भारतीय आणि श्रीलंकन बोटीही सापडल्या आहेत. याच काळात बाहेरच्या देशांतल्या शिडाच्या नौकांना शुल्क भरून सालोमोनच्या लगूनमध्ये नांगर टाकायची परवानगी मिळत होती. ज्यांचे पूर्वज बोद्दामच्या स्मशानात आहेत त्यांना मात्र तिथे राहायची बंदी होती. हे अन्यायकारक आहे, आणि निसर्गरक्षणाच्या नावाखाली ते आणखीच वाईट दिसतं.

राहिला खर्च. ब्रिटिश सरकारनेच करून घेतलेल्या २०१५ च्या अभ्यासात १५० माणसांच्या प्राथमिक वस्तीचा अंदाज सुमारे ६ कोटी ३० लाख पौंड होता. २०१६ मध्ये सरकारने संरक्षण, व्यवहार्यता आणि करदात्यांवरचा बोजा ही कारणं देऊन ती नाकारली. तेच सरकार आता तळाच्या भाड्यापोटी वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड द्यायला तयार झालं. एका वर्षाच्या भाड्यापेक्षा कमी पैशात सुरुवात होत होती. पुरवठाही मॉरिशसहूनच आणायची गरज नाही. मालदीवच्या दक्षिणेकडच्या गान बेटाहून पेरोस बान्योस ५०० किलोमीटरवर आहे, मालवाहू बोटीला दिवसभराचा प्रवास. मॉरिशसहून चार दिवस लागतात. मोडलेली जेटी आणि आजारी माणसाला हलवायची सोय, हे दोन खर्च मात्र टाळता येणार नाहीत. त्यासाठी दिएगो गार्सियाची धावपट्टी आणीबाणीत वापरू देण्याची लेखी हमी हवी.

परतणारे किती असतील? लंडनजवळच्या क्रॉली गावात, ब्रिटनमधल्या चागोसवासीयांच्या वस्तीत वाढलेली तरुण पोरं सगळी जातील असं नाही. पण परतण्याचा हक्क किती जण वापरतात यावर तो ठरत नाही. करारातली उणीव इथेच आहे. दिएगो गार्सिया वगळून बाकी बेटांवर वस्ती करायची मुभा त्यात मॉरिशस सरकारला मिळते, प्रत्यक्ष चागोसवासी मात्र वाटाघाटीत पक्षकार नव्हतेच. त्यांच्यासाठी ४ कोटी पौंडांचा न्यास ठेवला आहे. मॉरिशसमध्ये मराठी माणसांचीही जुनी वस्ती आहे. तिचे पूर्वजही मजूर म्हणूनच मुंबई बंदरातून गेले. मजूर म्हणून आलेल्यांची पुढची पिढी त्या भूमीची होते, हे त्या समाजाला पटवून द्यावं लागणार नाही.

भारताने आपल्या मदतीला तीन अटी घालाव्यात. संरक्षित क्षेत्र चालवणाऱ्या मंडळात चागोसवासीयांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत. गस्त, उंदीर निर्मूलन आणि प्रवाळ मोजणीच्या नोकऱ्यांत त्यांना पहिला हक्क असावा. आणि पहिला खर्च कोइन आणि बोद्दामच्या पाण्याच्या मोजणीवर व्हावा: निरीक्षण विहिरी खणून निदान दोन वर्षं क्षारता आणि पातळी नोंदवावी. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला खोल समुद्राच्या गार पाण्यावर चालणारा, दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभा केला, पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही केला. याच कण्यावरच्या प्रवाळबेटांचं पाणी, त्यातल्या चुकांसकट, भारतीय अभियंत्यांना माहीत आहे. त्या मोजणीला जाणाऱ्या पहिल्या जहाजावर या बेटांवर जन्मलेले, आता साठी-सत्तरी ओलांडलेले चागोसवासी असायला हवेत, कारण कोणती विहीर उन्हाळ्यात गोडी राहायची हे सांगू शकणारी ती शेवटची पिढी आहे.